तिसरा गिअर सटकतो तेव्हा

गेल्या हिवाळ्यात एका वलिम्यासाठी आम्ही दोघे मोटरसायकलवरून कोल्हापूरहून रत्नागिरीकडे निघालो होतो. आंबा घाट उतरताना गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती. एका वळणावर मी ॲक्सिलरेटर सोडला आणि खालून 'कट्ट' असा आवाज आला. गाडी एकदम हलकी झाली. गिअर सटकला होता. इंजिन वेगळे फिरत होते, चाक वेगळे, आणि उतारावर गाडी आपल्या वजनाने पळायला लागली होती. मागे पत्नी बसलेली, समोरून एस.टी. येत होती. दोन्ही ब्रेक दाबून गाडी कशीबशी कडेला घेतली. पत्नीने काही विचारले नाही. तिचा हात माझ्या खांद्यावर किती घट्ट बसला होता, त्यावरून मला सगळे कळले. अल्लाहचे शुक्र मानून पुढचा घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू उतरलो.

खरे सांगायचे तर हा आवाज मला नवा नव्हता. दोन महिन्यांपासून शाळेला जाताना तिसरा गिअर अधूनमधून सुटत होता. मी पुन्हा पाय मारायचो आणि पुढे जायचो. 'एकदा दाखवू' म्हणत राहिलो. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात एक मोटरसायकल असते. तिच्यावर कमावता माणूस कामाला जातो, मुले शिकवणीला जातात, आजारी अम्मी दवाखान्यात जाते. तरी तिच्या पोटात काय चालते हे आपण कधी जाणून घेत नाही. त्या घाटानंतर मी ते जाणून घेतले. त्यातले जे वाचकांच्या उपयोगी पडेल ते येथे देत आहे.

आधी तपासणी, मग पाना

आमच्या मोहल्ल्यातले उस्ताद पस्तीस-चाळीस वर्षांपासून गाड्या दुरुस्त करतात. त्यांचे हात येझदीवर घडले. त्या गाडीची किक आणि गिअरचा दांडा एकच असायचा: किक मारायची, मग तोच दांडा पुढे वळवून गिअर टाकायचा. जुन्या बुलेटचा गिअरबॉक्स इंजिनपासून वेगळा, त्याचे ऑइलही वेगळे आणि गिअरचा पाय उजवीकडे. उस्ताद सांगतात, "तेव्हा गिअरबॉक्स बिघडला तर इंजिनला हात न लावता तेवढाच उतरवायचो. आजच्या गाडीत इंजिन, क्लच, गिअर सगळे एकाच घरात. एकाचं दुखणं दुसऱ्याला लागतं."

मला वाटले होते, ते लगेच पाने काढतील. पण त्यांनी आधी गाडी स्वतः चालवून पाहिली आणि मग मला प्रश्न विचारले. गिअर चढावर सुटतो की उतारावर? फक्त तिसराच, की सगळे? गाडी कधी डाव्या अंगावर पडली होती का? ऑइल शेवटचे कधी बदलले? न्यूट्रलमध्ये घरघर येते का, आणि क्लच दाबल्यावर ती थांबते का?

या प्रश्नांत अर्धे निदान असते. गिअरची प्रत्येक तक्रार म्हणजे गिअरबॉक्सच गेला, असे नसते. उस्तादांनी समजावलेला क्रम असा:

गिअर कडक पडतात, इंजिन चालू असताना न्यूट्रल सापडत नाही, पहिला गिअर टाकताच गाडी पुढे उडी मारते. अशा वेळी दोष बहुधा क्लचचा असतो. केबल सैल झालेली असते किंवा प्लेटा वाकलेल्या असतात, त्यामुळे क्लच पूर्ण सुटत नाही. केबल बसवायला पाच मिनिटे लागतात.

इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही. म्हणजे क्लच घसरतो. केबल फार ताणलेली आहे, प्लेटा झिजल्या आहेत किंवा ऑइल चुकीचे आहे.

गिअरचा पाय दाबल्यावर जागेवर परत येत नाही किंवा नुसताच हलतो. तेव्हा आधी बाहेर पाहावे. पायाचा बोल्ट सैल होऊन आतल्या रेषा झिजल्या असतील. गाडी पडून पाय वाकला असेल आणि इंजिनच्या झाकणाला अडत असेल. नाहीतर आतली परतीची स्प्रिंग तुटली असेल. आमच्या उस्तादांच्या गॅरेजमध्ये येणाऱ्या अनेक गाड्यांत ही स्प्रिंग क्लचच्या बाजूचे झाकण काढून बदलता येते. पूर्ण इंजिन खोलावे लागत नाही.

न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते. तेव्हा गिअर शाफ्टच्या बेअरिंगवर किंवा क्लचवर संशय घ्यावा. कारण क्लच दाबला की तो शाफ्ट फिरायचा थांबतो.

पुढच्या चेन-चक्रीमागून ऑइल गळते. तेथे ऑइल सील गेलेले असते. अनेक गाड्यांत चक्री काढून ते बाहेरून बदलता येते.

आणि एकच ठरावीक गिअर जोर पडला की सटकतो. हे दुखणे आतले. माझ्या गाडीचे तेच होते.

उस्तादांनी खालचा बोल्ट काढून ऑइल एका पांढऱ्या थाळीत घेतले. तळाशी करडी, मऊ बुकटी होती आणि तिच्यात दोन-तीन चमकणारे बारीक तुकडे. "बुकटी असतेच," ते म्हणाले, "लोखंड लोखंडावर चाललं की थोडी राख पडणारच. पण हे तुकडे बघा सर, हे गिअरच्या अंगावरून निघालेत. इंजिन खोलावं लागेल."

आत नेमके काय असते

आपण समजतो की गिअर टाकला की एका चक्राचे दात दुसऱ्या चक्रात जाऊन बसतात. मीही विद्यार्थ्यांना तसेच सांगत होतो. मोटरसायकलमध्ये तसे नसते. दोन शाफ्ट शेजारी शेजारी असतात. एक क्लचकडून जोर घेतो, दुसरा चेनला जोर देतो. दोन्हींवर चक्रांच्या जोड्या असतात आणि या जोड्यांचे दात नेहमीच एकमेकांत गुंतलेले असतात. चार गिअर म्हणजे चार जोड्या. मात्र प्रत्येक जोडीतले एक चक्र शाफ्टवर मोकळे फिरत असते. ते मोकळे आहे तोवर त्या जोडीतून चाकाला जोर मिळत नाही.

चक्राच्या बाजूला, दातांवर नव्हे, जाड खुंट्या असतात. गॅरेजमध्ये त्यांना 'डॉग' म्हणतात. शेजारचे चक्र सरकून आले की त्याच्या खुंट्या मोकळ्या चक्राच्या खाचांत अडकतात, ते चक्र शाफ्टला बांधले जाते आणि तो गिअर पडतो. सरकवण्याचे काम करतो फोर्क, म्हणजे दोन बोटांचा चिमटा. फोर्क हलतो तो एका नळकांड्यावर कोरलेल्या वाकड्या खाचेतून. आपण पाय दाबतो तेव्हा ते नळकांडे, ज्याला 'ड्रम' म्हणतात, एक घर फिरते. बस्स, एवढाच खेळ.

मुलांना गिअरचे गणित समजवायचे तर चेन-चक्री पुरते. समजा, पुढच्या चक्रीला 14 दात आणि मागच्या चक्रीला 42 दात आहेत. मग पुढची चक्री तीन वेळा फिरली की चाक एकदा फिरते. वेग तिसरा हिस्सा झाला, पण ओढण्याचा जोर तिप्पट झाला. गिअरबॉक्समध्ये हाच हिशेब चार वेळा वेगवेगळ्या दातांनी केलेला असतो. पहिल्या गिअरला जोर जास्त, वेग कमी, चौथ्याला उलटे.

दातांच्या चक्रांची ही विद्या जुनी आहे. दियारबकरच्या अर्तुकी दरबारातले कारागीर अल-जझरी यांनी 1206 मध्ये यंत्रांवरचा आपला अरबी ग्रंथ पूर्ण केला. त्यात पाणी उपसणाऱ्या यंत्रांमध्ये दातेरी चक्रे आणि क्रँक वापरल्याचे वर्णन व आकृत्या आहेत. ते स्वतः हाताने काम करणारे होते, हे आपल्या मुलांना मुद्दाम सांगावे. काळे हात हे अडाणीपणाचे लक्षण नाही.

तीन वाटा

खर्चाचा अंदाज पाच-सहा हजारांचा निघाला. त्या रात्री दस्तरखानावर चर्चा झाली. समोर तीन वाटा होत्या.

पहिली वाट मुलाने सुचवली. "अब्बा, किती दिवस ही जुनी गाडी? नवी घेऊ, हप्त्यावर." शोरूममधून आणलेला कागद त्याने दाखवला. सुरुवातीला काही रक्कम भरून 60,000 रुपये बाकी, महिना 2,600 रुपये, 30 हप्ते. मी त्याला म्हटले, गुणाकार कर. उत्तर आले 78,000. म्हणजे 60,000 साठी 18,000 जास्त. व्याजाचा व्यवहार आपल्याला मना आहे हे तर आहेच. पण ज्याला हे सांगून पटत नाही, त्याला गुणाकार करून तरी पटावे. चांगली गाडी पाच-सहा हजारांत उभी राहत असेल, तर अडीच वर्षे कर्जात घालवायची गरज काय?

दुसरी वाट एका ओळखीच्या गृहस्थांनी सुचवली. "दाट ऑइल टाका. आवाज दबतो. चार-आठ दिवस गाडी गोड चालते. तेवढ्यात विकून टाका." ही युक्ती बाजारात नवी नाही. दाट ऑइलाने घरघर मऊ होते, आणि घेणारा एक चक्कर मारतो तोवर काही कळत नाही. मी घरी हे सांगितले तेव्हा पत्नीने एकच विचारले, "आणि त्याच्या मागं त्याची बायको बसली असेल तेव्हा?"

मदिन्याच्या बाजारातला तो प्रसंग आपण सर्वांनी ऐकलेला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तर बोटांना ओल लागली. विकणारा म्हणाला, पाऊस लागला होता. तेव्हा आपण विचारले की मग ओले धान्य वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते. आणि फसवणाऱ्याचा माझ्याशी संबंध नाही, असे स्पष्ट बजावले. ही हदीस आपण धान्य-कापडापुरती ठेवतो. पण दाट ऑइल म्हणजे ओल्या राशीवर पसरलेले कोरडे धान्यच नाही का? आणि या ओलीने नुसते पैसे बुडत नाहीत, घाटात जीव जाऊ शकतो. दोष सांगून गाडी विकायला कोणाची हरकत नाही. "तिसरा गिअर सटकतो, खर्च एवढा आहे, म्हणून किंमत एवढी कमी," असे सांगितले की व्यवहारही हलाल आणि झोपही शांत.

तिसरी वाट दुरुस्तीची. तीच ठरली.

या तिसऱ्या वाटेलाही एक फाटा फुटतो. काही जण म्हणतात, भंगारातून पूर्ण इंजिन आणा आणि बसवा, एका दिवसाचे काम. मुंबईच्या चोर बाजारात आणि कुर्ल्यात अशी इंजिने मिळतात. पण इंजिन नंबर क्रँककेसवर कोरलेला असतो आणि तोच आर.सी. बुकात असतो. दुसरे इंजिन बसवले आणि आर.टी.ओ.कडे नोंद करून घेतली नाही, तर तपासणीत, विम्याच्या दाव्यात आणि विक्रीच्या वेळी अडचण येते. शिवाय ते इंजिन कोणाच्या चोरलेल्या गाडीचे निघाले तर? आतले गिअर, फोर्क, बेअरिंग बदलल्याने नंबर बदलत नाही. त्याला अशी नोंद लागत नाही.

आणखी एक सल्ला मिळाला होता: झिजलेल्या खुंट्यांवर वेल्डिंग भरून लेथवर घासून घ्या. उस्तादांनी त्याला साफ नकार दिला. गिअरच्या पोलादाला वरून पाणी दिलेले असते, म्हणजे त्याचा पृष्ठभाग उष्णतेने कडक केलेला असतो. वेल्डिंगच्या आचेने तो कडकपणा बिघडतो. असा गिअर आज चालेल आणि उद्या तुटेल. तुटलेला तुकडा इतर चक्रांत गेला तर सगळेच जाईल.

गाडी खोलली तेव्हा

काम दोन दिवस चालले. पहिला दिवस रविवारचा असल्याने मी तेथेच बसलो. उस्तादांसोबत एक सोळा-सतरा वर्षांचा शागीर्द होता. त्याने मला पाहिले आणि मान खाली घातली. मी ओळखले. तीन वर्षांपूर्वी तो माझ्याच वर्गात होता. नववीनंतर वडील आजारी पडले आणि तो शाळेत परत आलाच नाही. मी एकदा त्याच्या घरी गेलो होतो, मग राहून गेले. मान खरे तर मी खाली घालायला हवी होती.

इंजिन चौकटीतून उतरवले. उजवे झाकण काढून क्लच बाहेर काढला. त्याच्या स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे सैल केले, म्हणजे प्लेट वाकत नाही. डाव्या बाजूने मॅग्नेट पुलरने काढला. हेड आणि सिलिंडर उतरवल्यावर क्रँककेसचे दोन भाग वेगळे झाले. छिन्नी लावून ते फोडायचे नसतात. लाकडी हातोडीने हलके ठोकायचे. जोडाच्या तोंडावर एक ओरखडा पडला तरी तेथून जन्मभर ऑइल गळते.

शाफ्ट काढताना शागीर्दाने एक गोष्ट केली, ती मला फार आवडली. प्रत्येक चक्र, प्रत्येक वॉशर, प्रत्येक सर्क्लिप ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने तो एका तारेत ओवत गेला. तसबीहचे मणी असावेत तशी ती तार दिसत होती. क्रम चुकला किंवा एखादा वॉशर उलट-सुलट झाला की सगळे काम वाया.

मग उस्तादांनी मला दोष दाखवला. तिसऱ्या गिअरच्या खुंट्यांचे कोपरे गोटीसारखे गोल झाले होते. चांगल्या खुंटीची कड धारदार असते आणि किंचित आत कललेली असते. जोर पडला की ती समोरच्या खाचेला स्वतःकडे ओढून धरते. कोपरा गोल झाला की तोच जोर तिला बाहेर ढकलतो. चढावर असो की उतारावर, जोर आला की गिअर सटकतो तो यामुळे. चक्र असे बाहेर ढकलले जात असताना फोर्क ते रोखायचा प्रयत्न करतो. माझ्या गाडीचा फोर्क एका बोटावर पातळ झाला होता आणि घर्षणाने तेथे निळसर डाग पडला होता.

"सर," उस्ताद म्हणाले, "तुम्ही गाडी चालवताना पाय गिअरवर ठेवता ना?"

ठेवतो. वीस वर्षे ठेवत आलो. पायाचा तो एवढासा भार फोर्कला सतत चक्रावर दाबत राहतो. दोष गाडीचा नव्हता.

बदलताना एकटा झिजलेला गिअर बदलून भागत नाही. ज्याच्या खुंट्या गेल्या तो आणि ज्याच्या खाचांत त्या अडकतात तो, असे दोन्ही बदलावे लागतात. नाहीतर जुनी खाच नव्या खुंटीला खाते. फोर्क नवा, काढलेल्या सर्क्लिपा नव्या, ऑइल सील आणि पॅकिंग नवे. शाफ्ट सरळ आहे का, ड्रमची खाच झिजली आहे का, बेअरिंग हाताने फिरवताना खरखरते का, हे पाहून मगच पुढे जायचे. इंजिन एवढे खोललेच आहे, तर संशयातले बेअरिंग परत बसवू नये. दोनशे रुपये वाचवायला पुन्हा दोन हजारांची मजुरी पडते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी गेलो तेव्हा क्रँककेस बंद झाली होती. बोल्ट कसले होते. उस्ताद असरच्या नमाजला गेले होते. शागीर्द घासलेटची परात ओतून धुवत होता. एकाएकी तो थांबला. परातीच्या तळाला एक पातळ वॉशर चिकटला होता, कागदाएवढ्या जाडीचा. काढताना ऑइलमुळे दोन वॉशर एकमेकांना चिकटले असणार आणि धुताना एक निसटला असणार. तारेत एकच ओवला गेला होता.

तो वॉशर हातात घेऊन तो उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत मला सगळे दिसत होते. दोन तासांचे काम पुन्हा. उस्तादांची बोलणी. आणि समोर जुने सर. नाल्यात टाकला असता तर कोणालाही कळले नसते; मला तर मुळीच नाही. गाडी सहा महिने चालली असती.

उस्ताद आले. त्याने तळहात पुढे केला. "उस्ताद, हा राहिला."

उस्तादांनी वॉशर पाहिला, बंद केलेली क्रँककेस पाहिली आणि बाह्या वर सारल्या. "इथं खोललं तर दोन तास जातील," एवढेच ते म्हणाले. "रस्त्यात खोललं गेलं तर काय जाईल कोणास ठाऊक. आण पाना."

त्या संध्याकाळी मगरिबनंतर दिव्याच्या उजेडात इंजिन पुन्हा उघडले गेले. जोडाचे पॅकिंग वाया गेले होते; त्याचे पैसे उस्तादांनी माझ्याकडून घेतले नाहीत. वॉशर जागेवर बसल्यावर त्यांनी शागीर्दाला शाफ्ट हाताने फिरवून चारही गिअर टाकायला लावले, पुन्हा न्यूट्रलला आणायला लावले, तीन वेळा. मगच झाकण बंद केले.

मी त्या मुलाला वर्गात अमानतदारीवर निबंध लिहायला दिला होता. किती गुण दिले होते, आठवत नाही. त्या दिवशी त्याला पैकीच्या पैकी द्यावेसे वाटले.

हिशेब

बिल असे झाले: दोन गिअर 1,150, फोर्क 280, दोन बेअरिंग 520, ऑइल सील आणि ओ-रिंग 240, पॅकिंग सेट 180, क्लच प्लेट 480, ऑइल 380, मजुरी 2,200. एकूण 5,430 रुपये. हे आमच्या गावचे आणि माझ्या गाडीचे आकडे. तुमच्याकडे कमी-जास्त असतील. पण तपशील लिहून घेण्याची पद्धत मात्र सगळीकडे चालावी. सुट्या भागांचे बिल मागा आणि काढलेले जुने भाग परत घ्या. चांगला मिस्त्री ते स्वतःहून दाखवतो. काम चोख नसेल तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 दुरुस्तीच्या सेवेलाही लागू आहे, पण त्यासाठी हातात कागद हवा.

मापात मारणाऱ्यांना 'अल-मुतफ्फिफीन' या सूरहमध्ये कडक इशारा आहे. डुप्लिकेट पार्ट टाकून कंपनीचे पैसे घेणारा त्यात येतो. पण घेताना पुरेपूर घ्यायचे आणि देताना हात आखडायचा, हे आपण ग्राहकही करतो. डॉक्टरांची फी निमूट देणारे आपण मिस्त्रीशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो, "पुढच्या पगाराला देतो" म्हणून जातो. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, अशी आपल्याला शिकवण आहे. उस्तादांच्या वहीत मोहल्ल्याची उधारी किती पाने भरून आहे, हे मी त्या दोन दिवसांत पाहिले.

घरोघरी पाळण्यासारखे

गाडी चालवताना पाय गिअरवर ठेवू नये आणि बोटे क्लचवर ठेवू नयेत. अर्धवट दाबलेला क्लच प्लेटा जाळतो.

क्लचच्या मुठीला टोकाशी साधारण 10 ते 20 मिलिमीटर मोकळीक असावी. चेनला मध्यभागी साधारण 20 ते 30 मिलिमीटर झोळ असावा. नेमका आकडा गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत असतो. ते पुस्तक कपाटात न ठेवता एकदा वाचावे.

कारचे ऑइल मोटरसायकलमध्ये टाकू नये. मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो आणि कारच्या काही ऑइलांतल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनी तो घसरतो. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए2' असा शिक्का पाहावा. किती दाट हवे तेही पुस्तिकेप्रमाणेच.

उभ्या गाडीत गिअर पडत नसेल तर पायाने लाथा मारू नयेत. गाडी जराशी पुढे-मागे हलवली की खुंट्या खाचांसमोर येतात आणि गिअर सहज पडतो.

पुढची चक्री, मागची चक्री आणि चेन एकदमच बदलावी. जुन्या चक्रीवर नवी चेन लवकर खराब होते. चेनच्या लॉकचे उघडे तोंड चेन ज्या दिशेने पळते तिच्या उलट असावे.

गिअरबॉक्स उघडला असेल तर पहिले 500 किलोमीटर सांभाळून चालवावे आणि मग ऑइल लवकर बदलावे.

जुनी गाडी घेताना थंड इंजिन चालू करून ऐकावे, चढावर प्रत्येक गिअरमध्ये जोर देऊन आणि मग ॲक्सिलरेटर सोडून पाहावे, शक्य असल्यास थोडे ऑइल काढून बोटावर घ्यावे. पसंत पडली तर फॉर्म 29 आणि 30 भरून नाव लगेच बदलून घ्यावे.

आणि तो मुलगा

चौदा वर्षांखालील मुलाला गॅरेजमध्ये कामाला ठेवणे कायद्याने गुन्हा आहे. 1986 च्या बालकामगार कायद्यात 2016 मध्ये झालेल्या दुरुस्तीने हे स्पष्ट केले आहे. चौदा ते अठरामधल्यांना धोक्याच्या कामाला लावता येत नाही. हे उस्तादांनाही माहीत होते; म्हणून त्यांनी त्याला सोळावे लागल्यावरच घेतले. पण शाळा सुटली ती सुटलीच.

काम चालू असताना त्याने मला मोबाइलवर एक आकृती दाखवली होती. गिअर शाफ्टचे सगळे भाग सुटे करून क्रमांक दिलेले, आणि शेजारी इंग्रजी मजकूर. "सर, चित्र कळतं. हे लिहिलेलं काय आहे?" सर्क्लिपची कोणती बाजू कोठे यावी, एवढी एक ओळ होती ती. मी वाचून सांगितली. त्याने मान हलवली आणि ती बाजू बरोबर लावली. घरी जाताना मला ती ओळ टोचत राहिली. हा मुलगा हाताने सगळे वाचू शकतो, फक्त अक्षरांपाशी अडतो.

आता त्याने 17 नंबरचा फॉर्म भरला आहे. या फॉर्मवर शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसता येते. रविवारी आणि बुधवारी इशानंतर तो माझ्याकडे येतो. उस्तादांनी त्या दोन दिवशी त्याला लवकर सोडायचे कबूल केले आहे. दहावी झाली की आय.टी.आय.मध्ये मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. ते जमले नाही, तरी हातात असलेल्या कसबाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे. आपल्या मोहल्ल्यांतल्या शेकडो हातांत हे कसब आहे, कागद मात्र नाही.

वाचकहो, तुमच्या गल्लीतल्या गॅरेजमध्ये असा एखादा मुलगा असेल. पुढच्या वेळी गाडी घेऊन जाल तेव्हा पाच मिनिटे जास्त थांबा. त्याचे नाव विचारा आणि कितवीपर्यंत शिकला तेही विचारा.

माझी गाडी आता घाट चढते. परवाच आम्ही पुन्हा आंबा घाटातून गेलो. त्याच वळणावर मी तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला. गिअर जागेवर राहिला. पत्नीचा हात माझ्या खांद्यावर होता, पण या वेळी नुसताच टेकलेला. पाय मी फूटरेस्टवर ठेवला होता.